हिरव्या चांदण्यांचं बाळ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि या शहराला औरंगाबाद म्हणत होते त्या काळात, एका बाईचा वर्ग वाचवण्यासाठी मी असा पराक्रम केला, की माझ्या मागच्या सात पिढ्यांत तसा कुणी केला नाही आणि पुढच्या सात पिढ्यांत कुणी करणार नाही. तुमच्या आईच्या पर्समधल्या त्या चपट्या फोनला विचारून बघा, जमेल का म्हणून. मान खाली घालेल.

"झालं का सुरू तुझं?"

घाबरू नका. हा आवाज गीताबाईचा. या अडगळीच्या खोलीत माझ्या एका अंगाला मोडकी चाकाची खुर्ची आहे आणि दुसऱ्या अंगाला, गंजक्या खाटेवर, गीताबाई. ती बाई नव्हे, बाहुली आहे. माणसाएवढी, रबराची. आपल्या या नर्सिंग शाळेत शिकलेल्या सगळ्या पोरी तिच्याच दंडात सुया टोचून आणि तिच्याच नाकात नळी घालून नर्स झाल्या. तिचा एक डोळा मिटत नाही. त्यामुळे तिला झोप येत नाही, आणि ती दुसऱ्यालाही सुखानं बोलू देत नाही.

"पोरं खिडकीशी आली की ह्याला कंठ फुटतो," गीताबाई म्हणाली. "ऐका रे लेकरांनो, ऐका. पण त्यातलं निम्मं सोडून द्या."

"कुठलं निम्मं?" मी विचारलं.

"वेळ आली की सांगीन."

असू दे. तुम्ही तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म कुठं झाला ते मलाही नक्की ठाऊक नाही. पाठीवरच्या पट्टीवर परदेशातल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं, ते घासून घासून गेलं. मी डोळे उघडले ते वाळूजच्या एका कारखान्यात. तो काळच तसा होता. वाळूजच्या माळावर कारखान्यांची पत्र्याची छपरं अशी उगवत होती, की सकाळी ज्वारीला पाणी द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी परत निघाला तर त्याच्या बांधावर भोंगा वाजावा. माझ्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. कोण कामगार कधी आला, कोण उशिरा आला, कुणाची रजा, सगळा हिशेब माझ्याकडे. माझ्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं आणि साहेबांच्या खोलीत साधा पंखा. माणसं चपला दाराबाहेर काढून माझ्याकडे येत. खंडेनवमीला माझ्या कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. खुद्द मालक माझ्यासमोर उभा राहून बोलायचा.

"त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती म्हणून," गीताबाई म्हणाली.

पण मित्रांनो, नव्याची नवलाई कुणाला चुकली आहे? माझ्याहून चपळ यंत्रं आली. मला माळ घातली, फोटो काढला आणि छावणीच्या अंगाला असलेल्या या नर्सिंग शाळेला भेट म्हणून देऊन टाकलं. टेम्पोत चढवताना ड्रायव्हर हमालाला म्हणाला, "संभाल के, मियाँ, टीव्ही है।" मला, हजार माणसांची हजेरी तोंडपाठ असलेल्याला, टीव्ही!

तोंडपाठ म्हणालो खरा, पण इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. आमच्या काळच्या यंत्रांच्या पोटात स्वतःचं असं काही राहत नसे. वीज गेली की मी कोरा. मला जे काही येई ते सगळं फ्लॉपीत. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ वस्तू. ती माझ्या तोंडात सरकवली की मी शहाणा. ती नसेल, तर माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ उमटायची. तिचा अर्थ, फ्लॉपी घाला आणि कुठलीही एक कळ दाबा. बस. तेवढंच माझं स्वतःचं बोलणं. बाकी सगळं दुसऱ्यानं तोंडात घातलेलं.

शाळेत माझ्यासाठी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मग मला वर्गाशेजारच्या खोलीत ठेवून बाहेर कुलूप घातलं. किल्ली नानासाहेबांकडे. नानासाहेब हे शाळेचे क्लार्क. माणूस वाईट नव्हता, पण भिणारा. "बिघडलं तर जबाबदार कोण?" एवढंच म्हणायचे. माझ्यावर आधी प्लास्टिकचं आवरण, त्यावर नानासाहेबांच्या घरची जुनी चादर, आणि त्यावर धूळ. कामाविना पडून राहण्यासारखं दुःख नाही, मित्रांनो. पाखराला पिंजऱ्यात निदान ओरडता येतं.

मग एक दिवस वरून हुकूम आला. यापुढं नर्सिंगच्या शिक्षिकांनी वर्गात कॉम्प्युटर वापरून शिकवलं पाहिजे. त्यासाठी त्यांना ट्रेनिंग मिळेल. नंतर कमिटी येईल आणि वर्ग बघेल. जिला जमेल ती शाळेत राहील, जिला जमणार नाही ती परत वॉर्डात. सिल्लोडच्या पुढं एका दवाखान्यात जागा रिकामी होतीच.

हा हुकूम वाचून ज्या बाईचं तोंड उतरलं, तिचं नाव बानाबाई.

बानाबाई मेंढपाळाच्या घरातली. लासूर स्टेशनच्या बाजूला तिच्या बापाचा मेंढरांचा तळ पडायचा. त्या घरातली शिकलेली पहिली पोर ती. किती तरी वर्षं वॉर्डात पाळ्या करून, अभ्यास करून ती शाळेत शिकवायला आली होती. सगळे शिक्षिकांना सिस्टर म्हणत, तसं तिलाही म्हणत. पण खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिली की ती अशी काही उंच व्हायची, की विचारू नका. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज यायचा. वॉर्डातलं काम तिला हलकं वाटत होतं असं नाही. पण ती म्हणायची, "वॉर्डात एका वेळी एक माणूस वाचतो. इथं एक पोरगी शिकली की पुढं गावच्या गाव वाचतं." तिला तो वर्ग सोडायचा नव्हता. मित्रांनो, माझ्या सगळ्या गोष्टीचा जीव जिच्यात अडकलाय ती वस्तू हीच. बानाबाईचा वर्ग.

ट्रेनिंग झालं. बाहेरगावाहून एक सर आले. त्या दिवशी नानासाहेब मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर लग्नाला गेली होती. सरांनी मग फळ्यावर चौकोन काढला, त्याला कॉम्प्युटर म्हणा असं सांगितलं, आणि कॉम्प्युटरचा इतिहास शिकवला. पुठ्ठ्यावर कळा काढून दिल्या, त्यावर सगळ्या सिस्टरांनी बोटं आपटली. मी भिंतीच्या अलीकडे चादरीखाली सगळं ऐकत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, मी इथं आहे! पण आम्हाला तोंड असतं ते फक्त भरवून घ्यायला. संध्याकाळी सर्वांना प्रमाणपत्रं मिळाली.

"पुठ्ठ्यावर पोहायला शिकवलं अन् म्हणले, आता घ्या नदीत उडी," ही बानाबाईची मैत्रीण सरूबाई. तीही शिक्षिका. सिल्लोडकडच्या चांगल्या जमीनदार घरातली, दणदणीत आवाजाची, मनानं मोकळी आणि जिभेनं त्याहून मोकळी.

मला चालू करून द्यायला कारखान्यातून कडुबा आला, तेव्हा कुठं माझ्यावरची चादर निघाली. कडुबा माझा जुना सोबती. कारखान्यात तोच मला पुसायचा, दुरुस्त करायचा. पोरगेलासा, गप्प स्वभावाचा. कॉलेजात असताना नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला. तुम्ही लहान आहात म्हणून सांगतो. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून कैक वर्षं लढा चालू होता. त्या एका नावापायी गावोगाव माणसांची घरं जळाली होती, माणसं मेली होती. कडुबाच्या मामाचं घर त्यात गेलं होतं. तो त्याविषयी कधी बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत वाळूजहून यायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पहिल्या दिवशी बानाबाईनं कळांवर बोट ठेवलं.

"सुई टोचताना कधी हात कापला नाय माझा," ती म्हणाली. "हिथं कापायलाय."

"बाने, तू आपली मेंढरं वळ," सरूबाई म्हणाली. "हे आपलं काम नाय."

"मेंढरू बरं, सरू. दुखलं खुपलं तर ओरडतं तरी. ह्याला कुठं दुखतंय ते कसं कळायचं?"

कडुबा हसला. "सिस्टर, त्याला काहीच दुखत नाही. तुम्ही दाबा."

"हळू, बाई, हळू," दारातून नानासाहेब. "बिघडलं तर..."

"जबाबदार मी," बानाबाई म्हणाली, आणि तिनं कळ दाबली. माझ्या पडद्यावर एक हिरवं अक्षर उमटलं. ती त्याच्याकडे नुकत्याच जन्मलेल्या लेकराकडे बघावं तशी बघत राहिली.

सरूबाईचं आणि कडुबाचं मात्र जमायचं नाही. बाहेर मोर्चे निघत होते, बंद होत होते. एकदा बस मिळाली नाही म्हणून छावणीपर्यंत चालत आलेली सरूबाई तडकली. "तुमच्या त्या नावापायी सगळं शहर बंद पडायलंय, कडुबा."

कडुबानं माझ्या पाठीचा स्क्रू पिळता पिळता उत्तर दिलं. "नाव लागलं म्हणून तुमची पदवी पुसली जाणार आहे का, सिस्टर?"

"तसं नाय, पण..."

"मग कसं?"

सरूबाई उठली. ती चहा सांगायला गेली. चहा आला तेव्हा तिनं कडुबाचा कप स्वतःच्या हातानं त्याच्यासमोर ठेवला. एवढंच. पण आम्ही यंत्रं अशा गोष्टी बघतो.

एकदा बानाबाईनं कडुबाला विचारलं, "ह्याला पाणी पाजता येतं का?"

नानासाहेब खुर्चीतून उठलेच.

"खरं पाणी नाय, साहेब. बसा," बानाबाई म्हणाली, आणि मग तिनं कडुबाला जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. "माझ्या थोरल्या बहिणीचं लेकरू व्हतं. तळावर असताना त्याला जुलाब लागले. म्हातारी म्हणली, पाणी तोडा, पाण्यानं आणखी जुलाब व्हत्यात. सगळे असंच करायचे. घागर उचलून उंचावर ठेवली, त्याचा हात पुरू नये म्हणून. लेकरू घागरीकडं बघत बघत वाळून गेलं. आता मी पोरींना मीठसाखरेचं पाणी शिकवते. पोरी लिहून घेतात, पाठ करतात, अन् घरी गेल्या की त्यांचीच आई लेकराचं पाणी तोडते अन् पोरगी गप बसते. लिहून नाय कळत, कडुबा. वाळताना दिसलं पाहिजे. अन् आपण पाणी दिलं की परत भरताना दिसलं पाहिजे."

 मग कडुबानं काम हाती घेतलं. येणारी प्रत्येक सुट्टी त्यानं त्यात घातली. आणि एके दिवशी माझ्या पडद्यावर एक बाळ आलं.

आमच्याकडे तुमच्यासारखी रंगीत चित्रं नव्हती, मित्रांनो. कडुबानं ते बाळ चांदण्यांचं बनवलं. कळांवर फुलीसारखी एक चांदणी असते ना, तिचं. चांदण्यांचं डोकं, चांदण्यांचं गोल पोट, चांदण्यांचे हातपाय. काळ्या पडद्यावर हिरवंगार बाळ. नुसतं बघत बसलं की एकेक चांदणी विझायची. आधी गाल बसायचे, मग पोट, मग पाय. आणि कळ दाबली की एक चमचा पाणी. एक चांदणी परत लागायची. घाई करून भसाभसा कळा दाबल्या तर बाळ ओकायचं आणि चांदण्या पुन्हा जायच्या. ते बानाबाईनं घालायला लावलं. "चमचा चमचा," ती म्हणायची. "दम धरून. चमचा चमचा."

पहिल्यांदा वर्ग भरला तेव्हा पोरींनी खोली डोक्यावर घेतली.

"बाई, पाय चालला! पाय चालला!"

"पाणी दे की गं, बघत काय बसलीस!"

"बाई, माझी आई तर पाणी तोडते," मागच्या बाकावरची एक पोरगी हळूच म्हणाली.

"मग तू काय करशील?"

ती पोरगी उठून पुढं आली आणि कळ दाबू लागली. चमचा चमचा. बाळ भरून आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं वाटेल, पण माझ्याही पडद्याला ओल आली होती.

"हे खरं हाय," गीताबाई म्हणाली. "ओल सोडून."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. नानासाहेबसुद्धा कधी कधी दुपारी कुणी नसताना एकटेच येऊन बाळाला पाणी पाजून जात. सरूबाईही आपल्या वर्गाला तेच दाखवू लागली. पाहणीसाठी गीताबाईलाही माझ्या खोलीत आणून समोर खाटेवर ठेवलं, म्हणजे तोंडात नळी कशी द्यायची ते लगोलग दाखवता येईल. कमिटीची तारीख आली, ती नेमकी जानेवारीतली, संक्रांतीच्या सुमारास. शहरात कुजबूज होती की नामांतराची घोषणा आता कुठल्याही दिवशी होणार. चौकाचौकात पोलीस उभे होते.

कडुबाच्या फ्लॉपीत बाळही होतं आणि मला जागं करणारा मंत्रही. दोन्ही एकातच. एक फ्लॉपी त्यानं बानाबाईला दिली आणि तिची दुसरी प्रत स्वतःच्या घरी ठेवली. देताना बजावलं, "सिस्टर, एवढंच लक्षात ठेवा. या फ्लॉपीला मधे ही लांबट खिडकी आहे ना, आत तपकिरी चकती दिसते, तिला बोट लावायचं नाही. कधीच नाही."

"नाय लावणार," बानाबाई म्हणाली.

आणि तिनं कधी लावलं नाही. पण तुम्ही नर्सच्या वर्गात कधी बसला आहात का? ज्या जागेला बोट लावायचं नाही, ती जागा म्हणजे जंतूंना बंदी असलेली जागा. आणि जंतूंना बंदी असलेल्या जागेवर चुकून बोट लागलं तर काय करायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

कमिटी यायच्या आदल्या दुपारी पोरींनी शेवटचा सराव केला. एकीनं फ्लॉपी उचलून दिली. बानाबाईनं ती उजेडात धरली. तपकिरी चकतीवर बोटाचा ठसा.

"अगं बया," ती म्हणाली. "उद्या कमिटी, अन् हिथं ठसा."

तिनं हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. ट्रेमधला कापसाचा बोळा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला, आणि सुई टोचण्याआधी कातडी पुसतात तशी ती चकती पुसली. मधून बाहेर, मधून बाहेर, एकदा पुसलेल्या जागी परत बोळा न लावता. अगदी जसं ती पोरींना शिकवायची तसं. बोळा तपकिरी झाला. "बघ किती मळ निघाला," ती म्हणाली, आणि दुसरा बोळा घेतला.

मित्रांनो, तो मळ नव्हता. ते बाळ होतं.

मी काय करू शकत होतो? मला सगळं कळत होतं. माझा पंखा फिरत होता, माझा दिवा लागलेला होता, आणि मला एवढंही म्हणता येत नव्हतं, की बाई, थांबा. तिनं ओली फ्लॉपी माझ्या तोंडात सरकवली. इतक्या हलक्या हातानं, की आजारी माणसालाही कळू नये. माझ्या आत खरखर झाली आणि पडद्यावर तीच ती माझी ओळ आली. फ्लॉपी घाला आणि कळ दाबा.

"आता काय झालं ह्याला?" बानाबाई म्हणाली. तिनं फ्लॉपी काढली, फुंकली, परत घातली. तीच ओळ.  "सरू! ए सरू! ह्याला बघ गं."

सरूबाई धावत आली. नानासाहेबांनी कारखान्यात फोन लावला. कडुबानं सगळं ऐकून घेतलं. बोळ्याचंही ऐकलं, असं नानासाहेब नंतर सांगत. मग म्हणाला, "सिस्टरांना म्हणावं, त्यांची काही चूक नाही. मी नीट सांगायला पाहिजे होतं. दुसरी प्रत आहे माझ्याकडं. उद्या सकाळी कमिटीच्या आधी पोचतो."

आणि त्याच संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. नामांतराची घोषणा झाली होती. विद्यापीठाच्या नावात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं. इतक्या वर्षांनी. कडुबाच्या वस्तीत गुलाल उडाला असेल. छावणीतून फटाक्यांचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात पोलिसांच्या गाड्यांचा. सकाळी सिटी बस बंद, दुकानं बंद, रस्त्यावर काठ्या. पण कमिटीची जीप आदल्या दिवशीच येऊन विश्रामगृहात उतरली होती. सरकारी जीपला कोण अडवतो?

सकाळी सरूबाई फाटकात जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेऊन वाळूजच्या रस्त्याकडे डोळे लावून. वॉचमन म्हणाला, "सिस्टर, आत जा, हालात बरे नाहीत."

"कडुबा यायचाय," ती म्हणाली. "तो आल्याबिगर मी आत जायची नाय."

आत बानाबाईनं मला चालू केलं, समोर गीताबाईच्या अंगावर स्वच्छ चादर घातली आणि पोरींना रांगेत बसवलं. कमिटीचे साहेब आले. दोन साहेब आणि एक बाई. खुर्च्यांवर बसले.

"हं, सुरू करा," मोठे साहेब म्हणाले.

बानाबाईनं एकदा दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी सांगू शकत नाही.

आणि मित्रांनो, इथं ती गोष्ट घडली, जिच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या तोंडात फ्लॉपी नव्हती. पोट रिकामं होतं. पण मी मनाशी म्हणालो, अरे, त्या बाळाला मी किती वेळा उजेडात आणलं, त्याची एकेक चांदणी माझ्या डोळ्यांत आहे. मी सगळा जोर एकवटला. माझा पंखा असा घोंघावला, की साहेबांच्या टेबलावरचे कागद उडाले. आणि पडद्याच्या मधोमध एक हिरवी चांदणी लागली. मग दुसरी. मग कपाळ, मग डोळे, मग ते गोल पोट! फ्लॉपीशिवाय, कुणाच्या मदतीशिवाय, नुसत्या आठवणीनं! बानाबाईनं कळ दाबली आणि बाळ हसलं. पूर्वी ते कधी हसलं नव्हतं, कडुबानं हसू घातलंच नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात कडुबाची सायकल फाटकात शिरली, सरूबाई त्याचा हात धरूनच त्याला आत घेऊन आली, आणि साहेब उठून उभे राहिले, म्हणाले, बाई, तुम्ही इथून कुठंही जायचं नाही. तुमचा वर्ग तुमचाच.

तर मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. यंत्राला कुलपात आणि चादरीत जपू नका, वापरून जपा. आणि ज्याच्या हाती ते द्याल, त्याला आधी नीट शिकवा. पुठ्ठ्यावर नव्हे. धीरानं, चमचा चमचा. त्याला चुकायला वेळ द्या. माणसाला असा वेळ दिला, की माझ्यासारखं मुकं यंत्रसुद्धा शेवटच्या क्षणी त्याला...

"खोटं! खोटं बोलायलास, थापाड्या!"

गीताबाई खाटेवरून ओरडली.

"मी तिथंच व्हते, ह्याच्या समोर. माझा डोळा मिटत नाय, लेकरांनो, मला सगळं बघावं लागतं. कडुबा आलाच नाय. त्याला नाक्यावर पोलिसांनी सायकलवरून उतरवला, नाव विचारलं अन् बसवून ठेवला. मागून सुटून आला, तवा खिशातल्या फ्लॉपीला मधोमध घडी पडली व्हती अन् बानाबाई सिल्लोडला गेली व्हती. सरू दुपारपतोर फाटकात उभी व्हती. अन् तू? तुझ्या पडद्यावर एकच ओळ व्हती. फ्लॉपी घाला अन् कळ दाबा. ती कळ दाबायची, तू परत तेच म्हणायचास. साहेब उठले, जीप गेली, पोरी रडत बाहेर गेल्या, तरी ती बाई दाबतच व्हती. चमचा चमचा, चमचा चमचा. अन् तुझ्या तोंडावर एक चांदणी सुदीक लागली नाय!"